बदलीवरचा झुंबर

बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या बोळात झुंबर शिंगाड्याचं दुकान आहे. तिथे शिरणाऱ्याला आधी टोमणा मिळतो आणि मग स्टूल मिळतं, तेही मिळालं तर. दुकानावर पाटी नाही. ज्याला काम कळतं त्याला दुकान सापडतं, आणि ज्याला कळत नाही त्याला सापडून तरी काय उपयोग, असं झुंबरचं म्हणणं. बँजो पार्टीवाले, भजनी मंडळं, मांडववाले असे सगळे आपापले जळके अँप्लिफायर घेऊन त्याच्याकडे येतात, मान खाली घालून बोलणी खातात आणि पुढच्या लग्नसराईत पुन्हा येतात. कारण झुंबरचा हात लागलेला अँप्लिफायर दुसऱ्यांदा त्याच दुखण्याने येत नाही.

त्याला जगात फार थोडी माणसं पसंत होती, आणि त्यातली बरीचशी मेलेली होती. मोबाईल दुरुस्त करणाऱ्या पोरांना तो स्क्रूफिरवे म्हणायचा. टीव्ही बिघडला की अख्खं बोर्ड काढून नवं टाकणाऱ्या मेकॅनिकला बोर्डबदले. "ताप आला म्हणून डोकंच नवं बसवायचं, ह्येला काय दुरुस्ती म्हंत्यात व्हय?" हा त्याचा ठरलेला प्रश्न, आणि उत्तराची वाट बघायची त्याला सवय नव्हती. त्याचा मंत्र एकच: वस्तूच्या तोंडावर काय लिहिलंय ते वाचू नये, वस्तू मोजावी. मीटर खोटं बोलत नाही. माणसं बोलतात, पाट्या बोलतात, छापील नंबर तर बोलतातच.

त्याची बायको सारजा म्हणायची, "ह्यांच्या जिभंला मीटर लावला तर काटा मोडंल." पण ती हे माजघरात म्हणायची.

झुंबर मूळचा शेळगावचा. इंदापूरला आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही शिकला, आणि मग साखर कारखान्यात लागला. लागला म्हणजे बदलीवर लागला. कारखान्याचं नाव कशाला घ्या. बदलीवरचा माणूस सगळीकडे सारखाच असतो. कायम माणूस रजेवर गेला, आजारी पडला, पोरीच्या लग्नात अडकला, की त्याच्या जागेवर हा उभा. गाळप संपलं की हा घरी. काम तेच, यंत्र तेच, फक्त हजेरीपटावर नाव शेवटच्या पानावर, तेही पेन्सिलीने. असे झुंबरने बावीस हंगाम काढले. दरसाल कुणीतरी सांगायचं की यंदा तुझं कायमचं होणार, आणि दरसाल कुणाचा तरी मेव्हणा कायम व्हायचा.

त्याच्या खात्यातला कायम माणूस होता कोऱ्हाळे बुद्रुकचा साहेबराव. अंगाने भरलेला, बोलायला गोड आणि कामाला बेताचा. एका हंगामात भर गाळपात उसाचा वजनकाटा वेडा झाला. रिकामी बैलगाडी भरल्यासारखी दाखवायला लागला, भरलेला ट्रॅक्टर रिकामा. गाड्यांची रांग फाट्यापर्यंत गेली, लोक शेतकी खात्याच्या दारात येऊन बसले. साहेबराव काट्याच्या डब्यापुढे घाम पुसत उभा राहिला आणि झुंबरने आत हात घातला. तापला की बिघडणारा एक ट्रान्झिस्टर होता, बोटाच्या पेराएवढासुद्धा नव्हता. झुंबरने तो शोधला, बदलला, काटा सरळ केला. रजिस्टरात 'दुरुस्ती करणार' या रकान्यात साहेबरावची सही झाली, कारण बदलीवरच्या माणसाची सही त्या रजिस्टरात चालत नव्हती. वार्षिक सभेत साहेबरावला शाल आणि नारळ मिळाला. झुंबर मांडवाच्या मागच्या रांगेत होता. त्याला शालीची झालर दिसली.

त्या दिवसापासून झुंबर साहेबरावशी कामापुरतं बोलला आणि कारखाना सुटल्यावर तेवढंही नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर साहेबराव वारला. निरोप आला तेव्हा सारजा म्हणाली, "मातीला जाऊन या. बावीस वर्सं एका जागी काडली." झुंबर एका अँप्लिफायरला कथलाचा डाग देत होता. मान वर न करता म्हणाला, "माज्या बदली जाईल कोन तरी." आणि गेला नाही. ते वाक्य त्याला इतकं आवडलं की पुढे महिनाभर तो गिऱ्हाइकांना ऐकवत होता.

आणि यंदा त्याच साहेबरावचा पोरगा दुकानाच्या दारात उभा राहिला.

ऋषिराज पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत होता. तिशी उलटलेली, मागे केसांची शेंडी बांधलेली, खांद्यावर गिटार. झुंबरने त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याने शेंडी सोडून टाकली असती. पायाखाली दाबायची एक डबी बनवून हवी होती. गिटारची वायर त्या डबीत जाते आणि आवाज बाहेर येताना लाटेसारखा हलत येतो. साठ वर्षांपूर्वीची जपानी रचना. आत एक इवलासा बल्ब, त्याच्याभोवती उजेडाने बदलणारे चार डोळे. बल्ब श्वास घेतल्यासारखा कमीजास्त होतो आणि त्याच्या तालावर सूर हेलकावतो. हल्लीच्या डब्यांत हे सगळं एका चिपमध्ये होतं, पण ऋषिराजच्या मते त्यात जीव नव्हता.

त्याने आणलेला सर्किटचा नकाशा झुंबरने उलटासुलटा केला. अर्ध्या मिनिटात त्याला सगळं कळलं होतं, पण कळलं असं दाखवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "पुन्यात कुनी मिळालं न्हाय?"

"पुण्यात मशीनवर बनवतात, काका. मला हाताने बनवलेली पाहिजे. आणि वर तुमचं नाव टाकू. झाकणावर, कोरून. मी शो करतो, लोक येऊन बघतात, कुणी बनवली विचारतात."

झुंबर 'हूं' म्हणाला. त्या 'हूं'मागे काय झालं ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याच्या कामाखाली त्याचं नाव कधी आलं नव्हतं. अँप्लिफायरवर मंडळाचं नाव असतं, काट्याच्या रजिस्टरात साहेबरावचं होतं, दुकानावर तर त्याने पाटीच लावली नव्हती, आणि ती का लावली नव्हती हे त्याने कुणालाही खरं सांगितलं नव्हतं. एका लोखंडी झाकणावर कोरलेलं नाव, आणि तेही साहेबरावच्या पोराच्या हातून, हे त्याला हवं होतं. इतकं हवं होतं की त्याला स्वतःचाच राग आला.

ऋषिराजने प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली. "ट्रान्झिस्टर मी आणलेत. तेरा लागतात. ओरिजिनल जपानी, त्याच जुन्या नंबरचे. यातले बाबांच्या—"

"त्येंचं नाव हितं काडायचं न्हाय," झुंबर म्हणाला. "काम पायजे तर काम बोला."

ऋषिराजने पिशवी आणि नकाशा टेबलावर ठेवला. गिटार उचलून निघून गेला.

पिशवीत वर तीन ट्रान्झिस्टर सुटे होते, बाकीचे खाली कागदाच्या पुडीत. झुंबरने सुटा एक उचलला. तोंडावर नंबर जपानी, छपाई अगदी कोरी. या जातीच्या जपान्याचं एक लक्षण असतं: तीन पायांतला बेस नावाचा पाय कडेला असतो. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या साध्या मालात तो मधोमध. झुंबरने मीटर लावला. बेस मधोमध. दुसरा घेतला, मधोमध. तिसराही तसाच. कुणीतरी इथलाच माल घेऊन त्याच्यावर जपानी नंबर छापून पुण्याच्या शहाण्याला घरपोच पाठवला होता. तोंड जपानी आणि पाय बाजारपेठेतले.

झुंबरला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. "सारजे," त्याने आत हाक मारली, "साहेबरावचं बेणं बग. बापानं दुसऱ्याचं काम सोताच्या नावावर खपवलं, पोराला कुनी दुसऱ्याचा माल जपानी म्हनून खपवला. देव हाय म्हन."

"बाकीचं बगितलं का?" सारजाने आतून विचारलं.

"शितावरनं भाताची परीक्षा," झुंबर म्हणाला. तीन सुटे त्याने पुराव्यासाठी गल्ल्यात ठेवले आणि पिशवी पुडीसकट बिस्किटांच्या जुन्या डब्यात भिरकावली. त्या डब्याला तो मसणवटा म्हणायचा.

मग तो कामाला लागला, आणि काम करताना झुंबरला बघावं. इतर वेळी त्याच्याजवळ बसू नये. त्याने साध्या, इथल्याच ट्रान्झिस्टरांची दोन पाकिटं काढली. दोनशे नग. एकेक मीटरच्या भोकात घालून त्याची ताकद मोजली. नंबर सगळ्यांचा एक, पण अंगातली ताकद कुणाची सारखी नाही. सारजा समोर बसून वहीत आकडे उतरवत होती. ज्यांचा आकडा फार मोठा ते त्याने बाजूला लोटले. "ह्ये बोंबलनारं. सूर कमी, खरखर जास्त. पुढारी हायेत." फार कमी असलेले दुसरीकडे. "ह्ये नुस्तं हजेरी लावनारं." मधल्या आकड्याचे, एकमेकांशी मिळतेजुळते असे तेरा निवडायला त्याला दोन दिवस लागले. ज्या जागी दोघांनी जोडीने काम करायचं होतं तिथे आकड्यात दोन-तीनचाही फरक त्याने चालू दिला नाही.

मग पाय. ज्यावर सगळं जोडायचं ती सर्किटची पट्टी नकाशाप्रमाणे, जपानी पायांच्या क्रमाने केलेली, माल इथला. सरळ घातला तर बेसच्या जागी भलताच पाय जाणार आणि डबी मुकी राहणार. एकेका ट्रान्झिस्टरचे पाय वळवायचे, एकमेकांना लागू नयेत म्हणून त्यांच्यावर बारीक नळी चढवायची आणि मग डाग द्यायचा. चष्मा घसरत होता, पाठ धरत होती. पण त्या आठवड्यात बोळात कुणाला शिवी ऐकू आली नाही, आणि समोरच्या चहावाल्याला वाटलं झुंबरअण्णा आजारी आहे.

रविवारी ऋषिराज आला. गिटार लावली, पायाने डबी दाबली आणि एक तार छेडली. सूर निघाला तो सरळ गेलाच नाही. उजनीच्या पाण्यावर होडी हलावी तसा हलत गेला. ऋषिराजने डोळे मिटले. बोळातून जाणारी दोन माणसं थांबली. सूर विरल्यावर ऋषिराज म्हणाला, "काका, मी पुण्यामुंबईत बऱ्याच डब्या वाजवल्या. असा आवाज नाही ऐकला."

झुंबरने पान थुंकायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

"आतून एक फोटो घेतो," ऋषिराज म्हणाला. "लोक आतले नंबर विचारतात." त्याने चार स्क्रू काढले, झाकण उघडलं, आणि त्याचा चेहरा पडला. "हे काय? हे माझे नाहीत. हे तर बदली टाकलेत."

दुसरा कुठलाही शब्द वापरला असता तर निभावलं असतं.

"बदली," झुंबर म्हणाला. आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "आत्ता डोळं मिटून डुलत व्हता तवा कोन वाजत व्हतं? बदलीच वाजत व्हतं न्हवं? कान काय म्हनलं? ब्येस म्हनलं. मग डोळ्यानं नंबर वाचला अन् कान इटाळला? दोनशे मोजून तेरा काडल्यात मी. काम बगायचं न्हाय, तोंडावर काय छापलंय ते बगायचं, ही तुमच्या घरातली रीतच हाय. तुमचा बाप कायम व्हता, म्हंजे त्येच्या तोंडावर नंबर व्हता. काम मात्र बदलीवालं करत व्हतं."

"काका, मी तुमच्या कामाला नाव ठेवत नाही. पण ओरिजिनल असताना—"

"ओरिजनल." झुंबरने गल्ल्यातून ते तीन काढले. कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवला आणि पहिल्याच्या तोंडावरून फिरवला. जपानी नंबर कापसावर आला. खाली इथला, साधा नंबर दिसायला लागला. दुसरा पुसला, तोही तसाच. तिसरा त्याने ऋषिराजलाच पुसायला दिला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला एकदा खाली उतरवावं, तसं त्याला उतरवून झुंबर स्टुलावर मागे रेलला. एवढ्यासाठीच तो आठवडाभर थांबला होता.

ऋषिराजने काळा झालेला बोळा पाहिला. तो चिडला नाही. "फसलो," म्हणाला. "हे तीन मी ऑनलाइन मागवले होते. तीन कमी पडत होते म्हणून. बाकीचे दहा कुठायत?"

"त्या डब्यात. एकाच आयची पोरं ती."

"नाही काका. ते दहा बाबांचे. मी त्या दिवशी तेच सांगत होतो. त्यांच्या कपाटात ठेवलेले होते. जायच्या आधी म्हणाले, कधी असलं काही करायचं झालं तर पुडी झुंबरकडे ने. तो ओळखेल."

झुंबरने मसणवटा मांडीवर घेतला. जळके रेझिस्टर, फुगलेले कपॅसिटर, तुटक्या वायरी बाजूला करत त्याने पिशवी बाहेर काढली आणि पुडी उघडली. पुडी काट्याच्या पावतीची होती, कारखान्याच्या. दहा ट्रान्झिस्टर, काळे पडलेल्या पायांचे, दोन ओळींत दोऱ्याने बांधलेले. आणि पावतीच्या पाठीवर शिसपेन्सिलीने दहा आकडे: १८२, १८५, १७९, आणि असेच खालपर्यंत. सातचा आकडा मधोमध आडवी रेघ मारून काढलेला. तसा सात त्या खात्यात एकच माणूस काढायचा.

काटा दुरुस्त केल्यावर, पुन्हा तोच ट्रान्झिस्टर गेला तर हाताशी असावेत म्हणून झुंबरने स्टोअरमधल्या जपानी मालातून ते निवडले होते. एक अख्खी पाळी त्यात गेली होती. नंतर तो ते विसरला होता. आकड्यांच्या खाली लाल शाईत दुसरं अक्षर होतं, गोल आणि भरलेलं, रजिस्टरातल्या सहीसारखं:

'झुंबरने निवडलेले. काटाही त्यानेच दुरुस्त केला. त्याच्याशिवाय कुणी हात लावू नये.' खाली साहेबरावची सही आणि त्या हंगामाची तारीख.

झुंबरने ते दोनदा वाचलं. मनात नेहमीचं आलं, की हे रजिस्टरात लिहायचं होतंस, पुडीवर लिहून कपाटात काय ठेवतोस, भित्र्या. तीस वर्षं पोसलेला राग असा एका दिवसात जात नाही. पण त्याला आधार मिळेना. रजिस्टरात लिहायची छाती साहेबरावला झाली नव्हती हे खरं. आणि जे लिहिलं होतं ते आठवडाभर आपल्याच मसणवट्यात पडलं होतं, हेही खरं. त्याला आपली लाज वाटली. सारजा माजघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"मी त्येंच्या मातीला आलो न्हवतो," झुंबर म्हणाला.

"माहितीये," ऋषिराज म्हणाला. "पण काका, हे डब्यात कसे गेले? बाबा म्हणायचे, झुंबर मोजल्याशिवाय काही फेकत नाही."

हे त्याने सहज विचारलं होतं. टोमणा मारायचं अंग त्याला नव्हतं.

झुंबरने दोरा सोडला, मीटर पुढे ओढला, आणि दहांतला पहिला उचलून भोकात घालायला गेला. पाय भोकात जाईनात. दोनदा घसरले. तिसऱ्यांदा ट्रान्झिस्टरच टेबलावर पडला, टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि ऋषिराजने तो पकडला.

"द्या, मी घालतो," तो स्टूल पुढे ओढत म्हणाला. "यातला बेस कुठला?"

"कडंचा," झुंबर म्हणाला.